कागदापासून बोटभर वर

भाऊ पेन कागदावर टेकवायचे नाहीत. छापील कागद समोर आला की पेन त्याच्यापासून बोटभर वर धरायचे आणि चुकीच्या शब्दाभोवती हवेतच गोल काढायचे. एकदा काढायचे, पुन्हा काढायचे, मग टोपण घालून पेन खिशाला लावायचे आणि म्हणायचे, "हांगा चूक आसा. दिसली न्ही तुका? पुरो." आणि त्यानंतर त्यांचा तो ठरलेला शब्द, "पासेंस."

पासेंस म्हणजे धीर. पोर्तुगीज आपलं चंबूगबाळं आवरून गेले, पण काही शब्द आमच्या घरांतून न्यायला विसरले. खिडकीला आम्ही अजून जनेल म्हणतो, खुर्चीला कदेल. भाऊंच्या वाट्याला हा पासेंस आला होता. बस चुकली, पासेंस. नारळ चोरीला गेले, पासेंस. शेजाऱ्याच्या म्हशीने मिरचीची रोपं खाल्ली, तर शेजाऱ्यालाच पासेंस. मुळगावच्या आमच्या वाड्यावर त्यांना सगळे पासेंसभाऊ म्हणत. मी नुसतं भाऊ म्हणायचो, कारण आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक कुंपण तेवढं होतं आणि माझी शिकवणी त्यांच्याच सोप्यावर चालायची.

शिकवणी म्हटलं खरं, पण आम्ही दोघेही विद्यार्थीच होतो. मी नुकतं मिसरूड फुटलेला, मराठी शाळेतून बाहेर पडलेला. भाऊ माझ्याहून चांगले सात-आठ वर्षांनी मोठे. त्यांनी पणजीला पोर्तुगीज शाळेत वरपर्यंत शिक्षण घेतलं होतं. सुटीत गावी यायचे तेव्हा पायात बूट असायचे आणि बायका विहिरीवर कळशी तशीच धरून बघत राहायच्या. शिकून वकील व्हायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या आईने, म्हणजे आमच्या काकीने, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कोटासाठी काळं कापडही आणून ठेवलं होतं.

मग गोवा मुक्त झाला. आमच्या वाड्यावर सगळ्यांत जास्त कोण नाचलं असेल तर भाऊ. बूट काढून, धोतर खोचून नाचले. नाचून दमल्यावर हळूहळू लक्षात आलं की त्यांची शाळा बंद झाली आहे आणि जे शिकलो त्याला आता कोणी विचारत नाही. काल गावात हा एकटा शिकलेला होता, आज मामलेदार कचेरीतला शिपाईसुद्धा त्याला इंग्रजी येत नाही म्हणून पाहून हसत होता. दैवाला असली थट्टा फार आवडते. मला ती कधीच आवडली नाही.

म्हापशाला कॉलेज निघालं होतं. पण ज्यांचं शिक्षण मराठीत किंवा पोर्तुगीजमध्ये झालं होतं, त्यांना आधी इंग्रजीची एक चाचणी द्यावी लागे. आम्ही तिला चाळण म्हणायचो. चाळणीतून खाली पडला तो कॉलेजात, वर राहिला तो घरी, पुढल्या वर्षापर्यंत. अर्धी चाचणी व्याकरणाची. उरलेल्या अर्ध्यात एक छापील उतारा दिलेला असे, मुद्दाम चुकांनी भरलेला. त्याच कागदावर चूक खोडायची आणि वर बरोबर शब्द लिहायचा. दोन्हींत पास व्हावं लागे. माझ्यासाठी ती एक परीक्षा होती. भाऊंसाठी ती एकच वाट होती, कारण वकील व्हायचं तर आधी कॉलेज, आणि कॉलेज हवं तर आधी हा चुकांचा उतारा.

अभ्यास आम्ही कसा केला ते सांगतो. बाजारातून मिरच्या, चणे, गूळ जे काही यायचं ते मुंबईच्या जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांत बांधलेलं असायचं. घरच्यांना मिरच्या आणि भाऊंना कागद. ते पुडी सोडायचे, कागद मांडीवर ठेवून हाताने इस्त्री केल्यासारखा सपाट करायचे आणि वाचायला बसायचे. गुळाचा कागद असेल तर वाचनात मुंग्याही सामील. मग त्यातला एखादा परिच्छेद पाटीवर उतरवून काढायचे, आणि उतरवताना आपल्याकडून चुका पेरायचे. "सोद आतां," म्हणायचे. मी शोधायचो. मला चार सापडल्या की त्यांनी पेरलेल्या दहा असायच्या.

क्रियापदांची रूपं आम्ही दिवेलागणीला मोठ्याने म्हणायचो, पाढ्यांसारखी, एका सुरात. एकदा रस्त्याने जाणारे एक म्हातारे गृहस्थ आमचा तो घोष ऐकून थांबले, चपला काढल्या, हात जोडले आणि संपेपर्यंत उभे राहिले. भाऊंनी त्यांना निराश केलं नाही. शेवटच्या क्रियापदानंतर आत जाऊन साखर आणली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

इंग्रजीवर त्यांचा राग होता, पण मजेचा. "लिवतात एक, उलयतात एक. हे भाशेर कसो विश्वास दवरप?" लिहायचं एक आणि बोलायचं एक, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी तीच भाषा माझ्याहून दुप्पट शिकून बसलेले असायचे. पाटीवर ते वाघ होते. चुकीचा शब्द दिसला की पाटीवरची पेन्सिल कर्रकन ओढायचे, अंगावर काटा यायचा. पण तोच उतारा छापील कागदावर असला की पेन बोटभर वर थांबायचं. मी म्हणायचो, "भाऊ, खोडा ना." ते म्हणायचे, "शाय पसरतली." किंवा, "कागद बरो आसा, कित्याक इबाडचो?" चांगला कागद कशाला नासायचा म्हणणारा. मला वाटायचं, माणूस टापटिपीचा आहे.

चाळणीच्या दिवशी आम्ही सकाळच्या बसने अस्नोड्यावरून म्हापशाला गेलो. काकीने दोघांच्या हातावर दही घातलं. वर्गात मी भाऊंच्या मागच्या बाकावर होतो. पहिला भाग त्यांनी माझ्या आधी संपवला. दुसरा कागद आला. त्यावर उतारा छापलेला आणि डोक्यावर कॉलेजचा जांभळा शिक्का. मी माझ्या कागदावर तुटून पडलो, खाडाखोड करून त्याची पार रांगोळी केली. मध्येच मान वर केली तर भाऊंचं पेन दिसलं. ते कागदाच्या वर फिरत होतं. एका शब्दावर थांबत होतं, गोल काढत होतं, पुढच्या शब्दावर जात होतं. मानेवरून घामाचा ओघळ सदऱ्यात उतरत होता. मग त्यांनी हात वर करून पुरवणी मागितली आणि तो सबंध उतारा आपल्या मोत्यासारख्या अक्षरात, सगळ्या चुका दुरुस्त करून, स्वच्छ लिहून काढला. शिक्क्याचा कागद जसा आला होता तसा परत दिला.

मी पास झालो. भाऊ वर राहिले.

मी धीर करून तिथल्या एका प्राध्यापकांना भेटलो. माणूस चांगला होता. त्यांनी भाऊंची पुरवणी काढून दाखवली. "यात एकही चूक नाही," ते म्हणाले. "पण हे त्यांनी खोडलं कुठे आणि बदललं काय, हे मला या कागदावर दिसायला हवं. नियम माझा नाही. पुढच्या वर्षी त्यांना सांग, कागद घाण झाला तरी चालेल." मी हे भाऊंना येऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आसा तांचें. पासेंस."

मी कॉलेजला जाऊ लागलो. भाऊ पुन्हा पाटी घेऊन बसले. आता वकिलीची वाट बघत पोट कशावर भरायचं, म्हणून ते लोकांचे जुने पोर्तुगीज कागद वाचून द्यायचे. कोणाची जमीन, कोणाची पायवाट, कोणाचा झरा. लोक नारळ ठेवून जायचे, केळी ठेवून जायचे. सगळं वाचून झाल्यावर कोणी म्हणालं, "भाऊ, हांगा एक कुरू करून दियात," म्हणजे इथे जरा खूण करून द्या, की भाऊ पेन बाजूला ठेवायचे आणि बोट दाखवायचे. "हांगा पळय. बोट दवर. वकिलाकडे वतकच हांगाच बोट दवर." मुळगावचे कितीतरी लोक त्या काळात कागदावर बोट ठेवून, ते न उचलता डिचोलीपर्यंत गेले असतील, अशी आमच्यात थट्टा चालायची.

दुसऱ्या वर्षीची चाळण आली आणि तशीच गेली. शिक्क्याचा कागद कोरा, पुरवणी स्वच्छ. मला राग आला. राग अशासाठी, की माझ्या वर्गात बसलेल्यांपैकी निम्म्यांना भाऊंच्या पाटीवरच्या चुकाही सापडल्या नसत्या. मी त्या तिरमिरीत काकीकडे गेलो. ती अंगणात सोलं वाळत घालत होती. आमसुलांनी तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. मी म्हटलं, "काकी, हा माणूस हट्टी आहे. एक रेघ ओढायची, तेवढीही ओढत नाही."

काकी सोलं पसरत राहिली. मग म्हणाली, "हट्टी न्हय रे, बाबा. ताच्या बापायचो हात पळयल्लो ताणें."

भाऊंनी आपल्या वडिलांचा हात पाहिला होता, आणि त्या हाताचं तिने सांगितलं. तुम्हाला आज खरं वाटणार नाही, पण त्या राज्यात लग्नपत्रिका छापायची तरी मजकूर आधी सरकारला दाखवावा लागे. तो मंजूर व्हायचा, त्याच्यावर शिक्का बसायचा, मग छपाई. भाऊंच्या आत्याच्या लग्नाची पत्रिका अशीच मंजूर होऊन आली, पण छापखान्यात वार चुकला. गुरुवारच्या जागी शुक्रवार पडला. पुन्हा छापायला वेळ नव्हता. घरातच बसून सगळ्या पत्रिकांवर शुक्रवार खोडला आणि वर गुरुवार लिहिला. त्यातली एक पत्रिका कोणीतरी भलत्या हातात दिली. मांडव घालायच्या दिवशी पोलीस आले. सरकारने मंजूर केलेल्या कागदावर खाडाखोड का? गुरुवारी काय आहे? कोणाला निरोप आहे हा?

"डिचोलेच्या क्वार्तेलांत व्हेलो," काकी म्हणाली. क्वार्तेल म्हणजे पोलिसांचं ठाणं; भाऊंच्या वडिलांना तिकडे उचलून नेलं होतं. तिथे भोकं पाडलेली एक लाकडी फळी असायची, तळहातावर मारायला. "उजव्या हातार मारलें. बरोवपाच्या हातार. तो हात मागीर केन्नाच धांपलो ना." लिहिण्याचा तो उजवा हात पुन्हा मिटला नाही. कोयता धरता येईना, घास धरता येईना. मुक्ती यायच्या आधीच ते गेले.

काकीने लाल हातांनीच डोळे पुसले. मी इतिहासाच्या वर्गात त्या राज्याविषयी बरंच काही लिहून गुण मिळवत होतो, त्यातलं काहीही त्या अंगणात उपयोगाचं नव्हतं.

पण त्या वयात माणसाला वाटतं, कारण कळलं की औषध सापडलंच. मी एक बटाटा घेतला, तो कापून त्याच्यावर शिक्का कोरला. राजमुद्रा करायला गेलो, खेकडा झाला. जांभळ्या शाईत बुडवून तो मी माझ्या जुन्या उताऱ्यांच्या कागदांवर उठवला आणि भाऊंपुढे गठ्ठा ठेवला. भाऊ खेकडा पाहून पोटभर हसले. "हें खंयचें सरकार रे? कुर्ल्यांचें?"

"हो, कुर्ल्यांचं. खोडा आता. खेकडे काय करणार तुम्हाला?"

"पाखले गेले, हें म्हाका खबर ना असें दिसता तुका?" ते म्हणाले. पाखले म्हणजे गोरे सोजीर. "म्हज्या मुखार गेले. हांव नाचलों. पूण शिक्को खंय गेला? पाखल्यांचो वचून तुमचो आयलो."

शिक्का तो शिक्काच, एकाचा जाऊन दुसऱ्याचा आला एवढंच, असं त्यांचं म्हणणं. तरी माझ्या आग्रहाखातर त्यांनी पेन घेतलं. खूप वेळ ते वर तरंगत राहिलं. मग एकदम, डोळे मिटून, त्यांनी एका शब्दावर रेघ ओढली. मी टाळी वाजवली. त्यांनी डोळे उघडले, ती रेघ पाहिली, आणि बोटाला थुंकी लावून ती पुसायला लागले. पुसत राहिले, पुसत राहिले, कागदाला भोक पडलं, तरी पुसत राहिले. खेकड्यांच्या राज्याचीसुद्धा त्यांना भीती वाटली. शेवटी मी त्यांच्या हातातून कागद काढून घेतला.

मग कळलं की चाळण यंदाचीच, पुढच्या वर्षापासून बंद. आता इंग्रजी शाळांतून मुलं येऊ लागली होती, मॅट्रिकच्या दाखल्यावर सरळ प्रवेश मिळणार होता. भाऊंच्या दाखल्यावर पोर्तुगीज मोहोर. म्हणजे ही शेवटची. त्या वर्षी काकीने ते काळं कापड पेटीतून काढून उन्हात टाकलं आणि संध्याकाळी झटकून पुन्हा आत ठेवलं. भाऊंनी ते पाहिलं. त्या वर्षी त्यांनी आपणहून छापील कागद मागून घेतले. रोज एक रेघ. साध्या कागदावर जमू लागली. खेकड्याच्या कागदावरही एकदा जमली, आणि ती त्यांनी पुसली नाही, नुसती कागदाची घडी करून उशीखाली ठेवली. मला वाटलं, जिंकलो.

चाळणीच्या दिवशी मला वर्गात जायचं कारण नव्हतं. मी व्हरांड्यात, खिडकीबाहेर उभा राहिलो. भाऊ आता सगळ्यांत वयस्कर दिसत होते. शेजारचं पोर त्यांना सर म्हणून पेन्सिल मागत होतं. शिक्क्याचा कागद आला. भाऊंनी तो वाचला. पेन उघडलं, बोटभर वर धरलं. मी खिडकीच्या गजाला इतका घट्ट धरून होतो की हाताला गंज लागला. आणि पेन खाली आलं. मी शपथेवर सांगतो, पेन खाली आलं. त्यांनी पहिल्या ओळीतल्या एका शब्दावर सरळ रेघ मारली आणि वर बरोबर शब्द लिहिला.

मग ते उठले. सगळा वर्ग खाली मान घालून लिहीत होता. भाऊ कागद घेऊन पुढे गेले, टेबलाजवळ उभे राहिले आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले की, सर, मी कागद खराब केला आहे, दोष माझा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही. आणि त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. तळवा वर, बोटं जुळवलेली.

देखरेखीला एक तरुण नवा प्राध्यापक होता, गोव्याबाहेरचा. त्याला वाटलं, या गृहस्थांना पुरवणी हवी आहे. त्याने एक पुरवणी उचलली आणि त्या तळहातावर ठेवली. "नो प्रॉब्लेम," तो हसून म्हणाला.

भाऊ थोडा वेळ तसेच उभे राहिले. हातावर काय पडलं ते त्यांना कळायला वेळ लागला असावा. मग ते जागेवर जाऊन बसले आणि तो उतारा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही खाडाखोड न करता, सुंदर अक्षरात लिहून काढला. मी खिडकीपाशी उभा राहून रडलो. जाणारी-येणारी मुलं बघत होती, बघू दे म्हटलं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. अस्नोडा आलं. मग बाहेरच पाहत म्हणाले, "तें अक्षर बापायचें न्हय."

"कुठलं?"

"पत्रिकेवेलें. तें अक्षर म्हजें. म्हजें अक्षर बरें म्हणून बापायन म्हाका बसयल्लो बरोवंक. पाखल्यान विचारलें, कोणाचें अक्षर? बापायन सांगलें, म्हजें." बसने एक वळण घेतलं. "हांव थंयच उबो आशिल्लों. उलयलों ना."

तेव्हा तिथे उभा राहून न बोललेला मुलगा आज बोलला होता. मी वाट पाहिली. त्यांचा तो शब्द येईल, आणि मग आपण काहीतरी बोलू, असं मला वाटत होतं. त्या दिवशी ते पासेंस म्हणाले नाहीत. मुळगाव आलं, आम्ही उतरलो आणि आपापल्या घरी गेलो.

त्यानंतर भाऊंनी पाटी भिंतीवर उलटी टांगली. मॅट्रिकला बाहेरून बसा म्हटलं तर हसले. काकी होती तोवर कोणी घरी आलं की ती म्हणायची, "आमचो वकील जातलो," आणि भाऊ आत निघून जायचे. ती गेल्यावर ते काळं कापड पेटीत तसंच होतं. कसर लागून वाया जाण्यापेक्षा बरं म्हणून भाऊंनी म्हापशाला नेऊन आपली मोडकी छत्री त्याने मढवून घेतली. आमच्या तालुक्यात तेवढी दणकट छत्री दुसऱ्या कोणाकडे नव्हती. पोर्तुगीज कागद वाचून घेणारेही हळूहळू कमी झाले. भाऊ आपल्या धाकट्या भावाच्या संसारात, त्याच्या मुलांमध्ये राहिले. लग्न केलं नाही. ज्याच्या डोक्यात इतक्या भाषा, इतकी शिस्त, तो माणूस सोप्यावर बसून खाणीवरून येणारे-जाणारे ट्रक बघत म्हातारा होत होता आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटायचं. पण मला वाटून काय होतं?

मी स्वतः इंग्रजीचा शिक्षक झालो. माझा सगळा जन्म लाल पेनाने दुसऱ्यांच्या चुका खोडण्यात गेला. गठ्ठेच्या गठ्ठे. कधी कधी एखाद्या वहीवर रेघ ओढताना हात थांबायचा, मग घंटा व्हायची आणि पुन्हा चालू.

भाऊंच्या पुतणीचं लग्न ठरलं. पत्रिका म्हापशाला छापून आल्या आणि पाहतात तो काय, मुहूर्त सकाळचा असून छापलं होतं सायंकाळी. घरातली पोरं पेनं घेऊन बसली, खोडून दुरुस्त करू म्हणाली, अर्ध्या तासाचं काम. भाऊंनी सगळा गठ्ठा उचलून पिशवीत घातला. "कोणेंय हात लावपाचो ना. हांव सांगून येतां," म्हणाले.

आणि ऐन चैत्राच्या उन्हात हा माणूस ती काळी छत्री घेऊन घरोघर गेला. मुळगाव, अस्नोडा, थेट पाळीपर्यंत, खाणीच्या लाल धुळीतून. प्रत्येक दारात पत्रिका द्यायची आणि म्हणायचं, "सायंकाळी म्हूण बरयलां, तें सकाळी समजून घेयात." लोक हसायचे. "वकिलांनी तोंडी जबाब सुरू केलाय," म्हणायचे. एक घर राहिलं नाही. लग्नाला झाडून सगळे आले, तेही वेळेवर, सकाळी. त्या धुळीने त्यांच्या छातीत जो खोकला बसला तो काही उतरला नाही. त्याच वर्षी श्रावणात भाऊ गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

ते पत्रिका द्यायला आले ती दुपार मला आठवते. मी तेव्हा डिचोलीत राहायला गेलो होतो. ओट्यावर वह्या तपासत बसलो होतो. भाऊंनी छत्री मिटली, पत्रिका माझ्या हातात दिली आणि सगळ्यांना सांगितलं तेच मला सांगितलं. मी पत्रिका पाहिली. हातात लाल पेन होतंच. शिक्षकाची खोड, हात आपोआप त्या शब्दाकडे गेला.

भाऊंनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी कधी माझ्या अंगाला हात लावला नव्हता, आणि आता इतकं घट्ट धरलं होतं की माझ्या हातून पेन खाली पडलं. आतल्या खोलीत माझी मुलगी मोठ्याने पाढे म्हणत होती. भाऊंनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तूं नाका," ते हळूच म्हणाले. म्हणजे तू नको. "घरांत ल्हान भुरगें आसा."

घरात लहान मूल होतं, खरंच. मी पेन उचललं नाही. त्यांना पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. ते प्याले आणि पुढच्या घरी गेले. ती पत्रिका अजून माझ्याकडे आहे. मुलगी कधीच मोठी झाली, तिची मुलं आता इंग्रजीत बोलतात, मी निवृत्त होऊन घरी बसलो आहे आणि सकाळचं वर्तमानपत्रसुद्धा लाल पेन घेऊन वाचतो. पत्रिकेवर मात्र सायंकाळी आहे ते तसंच आहे.